फुगलेले कपॅसिटर आणि ‘चायना माल’

"चले तो चाँद तक, नहीं तो शाम तक." हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस आपल्याकडे सापडणं कठीण. दुकानदार स्वतःच हसत हसत सांगतो आणि वर विचारतो, "चायना देऊ का कंपनीचा देऊ?" जणू ‘चायना’ आणि ‘कंपनी’ या दोन वेगळ्याच जाती आहेत. प्रत्यक्षात ज्याला आपण ‘कंपनीचा’ म्हणतो, तोही बऱ्याचदा चीनमध्येच तयार झालेला असतो. कधी कधी तर त्याच गावात.

मग एकाच देशातून दोन प्रकारचा माल कसा निघतो? या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला इलेक्ट्रॉनिक्सच्या इतिहासातलं एक प्रकरण सगळ्यात उपयोगी वाटतं. आपल्याकडे त्याबद्दल फारसं लिहिलं गेलेलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. पोस्ट मोठी आहे, निवांत वाचा.

आधी थोडं मागे जाऊ.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत अमेरिकेत ‘चायना माल’ ही शिवी नव्हती. तेव्हा ती शिवी होती ‘जपानी माल’. स्वस्तातली खेळणी, दोन दिवसांत मोडणाऱ्या वस्तू, म्हणजे जपान. सोनीचे संस्थापक अकिओ मोरिता यांनी आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवलंय की सुरुवातीला ते आपल्या वस्तूंवर ‘मेड इन जपान’ ही अक्षरं शक्य तितकी बारीक छापत. इतकी बारीक, की अमेरिकेच्या कस्टमवाल्यांनी ती मोठी करायला लावली.

1950 साली एडवर्ड्स डेमिंग हे अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ जपानमध्ये व्याख्यानं द्यायला गेले. त्यांचं सांगणं अगदी साधं होतं. माल तयार झाल्यावर शेवटी खराब नग वेचत बसू नका. खराब नग कुठल्या पायरीवर तयार होतोय ते मोजा आणि ती पायरी दुरुस्त करा. शिवाय कच्चा माल फक्त कमी भाव बघून घेऊ नका. आणि त्यांनी हे कामगारांच्या आधी कंपन्यांच्या मालकांना आणि मोठ्या अधिकाऱ्यांना सांगितलं, कारण त्यांच्या मते दोषाची मोठी जबाबदारी व्यवस्थापनाची होती. पुढच्याच वर्षी, 1951 मध्ये, जपान्यांनी त्यांच्या नावाने बक्षीस सुरू केलं. ते आजही दिलं जातं.

याचा परिणाम काय झाला ते 1974 साली दिसलं. अमेरिकेतल्या मोटोरोलाने आपला टीव्हीचा धंदा जपानच्या मात्सुशिता कंपनीला विकला. शिकागोजवळच्या फ्रँकलिन पार्क इथला कारखाना तोच राहिला, लाइनवरचे कामगारही बहुतांशी तेच अमेरिकन. आधी 100 टीव्हींमागे साधारण 150 ते 180 दोष निघत होते, म्हणजे एकेका सेटमध्ये एकापेक्षा जास्त. काही वर्षांत हा आकडा 100 टीव्हींमागे 3-4 दोषांवर आला. डिझाइन बदललं, सुटे भाग घेण्याची पद्धत बदलली, कामाची मांडणी बदलली. हात तेच होते, निर्णय घेणारे बदलले.

हे उदाहरण डोक्यात ठेवा. आता मुख्य गोष्ट.

साठच्या दशकापासून अमेरिकन कंपन्या स्वस्त मजुरीच्या शोधात पूर्वेकडे सरकत होत्या. तैवानने 1966 साली काओशुंग इथे निर्यातीसाठी खास क्षेत्र उभारलं. आपल्या मुंबईत अंधेरीला 1973 साली सीप्झ आलं, तेही याच लाटेतलं. तैवानने मात्र ही संधी घट्ट धरली. नव्वदीच्या दशकात जगभरातल्या कॉम्प्युटरचे मदरबोर्ड मोठ्या प्रमाणात तैवानी कंपन्या बनवू लागल्या, आणि पुढे त्यांचे कारखाने चीनच्या किनाऱ्यावर गेले.

मदरबोर्डवर प्रोसेसरच्या आजूबाजूला लहान डब्यांसारखे उभे नळकांडे दिसतात. ते इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. गावातल्या पाण्याच्या टाकीचं काम जे, तेच यांचं. वीज कमी-जास्त आली तरी प्रोसेसरला सारख्या दाबाने मिळत राहावी, म्हणून हे मध्ये साठा धरून बसतात. आत ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा आणि कागद गुंडाळलेला असतो, आणि तो कागद एका द्रावात भिजवलेला असतो. सगळी मेख या द्रावात आहे.

नव्वदीच्या दशकात प्रोसेसर जास्त करंट ओढायला लागले, तेव्हा जपानी कंपन्यांनी पाण्याचं प्रमाण भरपूर असलेला द्राव आणला. तो स्वस्त होता आणि कामाला चांगला होता. फक्त एक अडचण होती. पाणी ॲल्युमिनियमला खातं आणि त्यातून हायड्रोजन वायू सुटतो. म्हणून द्रावात नेमक्या प्रमाणात काही रसायनं घालावी लागतात, जी ही झीज रोखतात. ती रसायनं कोणती आणि किती, हेच कंपनीचं गुपित.

2002 साली या उद्योगाच्या व्यापारी नियतकालिकात एक हकीकत छापून आली. जपानच्या रुबिकॉन कंपनीतून बाहेर पडलेला एक तज्ज्ञ चीनमधल्या कंपनीत गेला आणि तिथे त्याने तसाच द्राव तयार केला. मग त्याच्या हाताखालच्या काही जणांनी ती कृती तैवानला नेली. पण ती अर्धवट होती. झीज रोखणारा भागच त्यात नीट आला नव्हता. आपल्याकडे आजीच्या लोणच्याची कृती कुणीतरी उतरवून न्यावी आणि मिठाचं प्रमाण लिहायचं राहून जावं, तसलाच प्रकार. लोणचं पहिल्या दिवशी उत्तमच लागतं. बुरशी नंतर येते.

कपॅसिटरचंही तसंच झालं. कारखान्यातल्या तपासणीत सगळे पास. बोर्डावर बसवले, कॉम्प्युटर चालू झाला, गिऱ्हाईक खूश. मग काही महिन्यांनी किंवा वर्ष-दोन वर्षांनी आत वायू साठायचा आणि नळकांड्याचा माथा फुगायचा. या माथ्यावर मुद्दामच फुलीसारखी रेघ कोरलेली असते, दाब वाढला तर फुटायला जागा असावी म्हणून. तिथून तपकिरी द्राव बाहेर यायचा आणि मशीन मध्येच बंद पडायला लागायचं. 2002 ते 2007 या काळात जगभर हे घडत होतं. इंग्रजीत याला कपॅसिटरची ‘प्लेग’ म्हणतात.

आता हे पार्ट घेतले का गेले? कारण ते जपानी पार्टपेक्षा स्वस्त होते. एका नगामागे फरक अगदी थोडा, सेंटांमध्ये मोजण्याइतका. पण एका बोर्डावर असे दोन-तीन डझन कपॅसिटर असतात आणि बोर्ड लाखोंनी जातात. मदरबोर्डच्या धंद्यात नफा इतका पातळ की खरेदी विभागातल्या माणसाने तिमाहीत एवढी बचत दाखवली तर त्याची पाठ थोपटली जाणारच. त्याने द्रावाचं रसायन तपासावं अशी अपेक्षा कुणी ठेवलीच नव्हती. तैवानच्या अबिट या कंपनीने आपल्या बोर्डांवर असे कपॅसिटर असल्याचं उघड मान्य केलं. बाकी बहुतेकांनी तोंडावर बोट ठेवलं.

त्या काळात मी पुण्यात कॉम्प्युटर मेंटेनन्सचं काम करायचो. क्लासेस, छोटी ऑफिसं, एखाद-दुसरी शाळा. फुगलेल्या कपॅसिटरचे बोर्ड आठवड्याला एक-दोन तरी हातात यायचे. तपकीर गल्लीतून चांगले जपानी कपॅसिटर आणायचे, जुने काढून नवे सोल्डर करायचे, की बोर्ड पुन्हा पळायला लागायचा. खर्च शे-दीडशे रुपये. पण वॉरंटीत असलेला बोर्ड डीलरकडे नेला की ठरलेलं उत्तर मिळायचं, "व्होल्टेजचा प्रॉब्लेम आहे. वॉरंटीत बसत नाही." आणि गिऱ्हाइकालाही ते पटायचं. लोडशेडिंगची वर्षं होती ती. लाइट दिवसातून कितीदा जायचे आणि यायचे. महावितरणला शिव्या घालून माणूस नवा बोर्ड घ्यायचा.

आता वीज खराब होती हे खरंच. उन्हाळाही होता, धूळही होती. कपॅसिटरचं आयुष्य तापमान दर 10 अंशांनी वाढलं की साधारण अर्ध्यावर येतं, हा या क्षेत्रातला ठोकताळा आहे. म्हणजे आपल्याकडे ते लवकर जाणार हे ओघानंच आलं. पण वीज स्थिर असलेल्या, एसी लावलेल्या अमेरिकन ऑफिसांतही तेच कपॅसिटर फुगत होते. तिथे व्होल्टेजचं कारण चालण्यासारखं नव्हतं, म्हणून तिथे वेगळी कारणं सांगितली गेली. कोणती, ते बघा.

डेल ही तेव्हा जगातली आघाडीची कॉम्प्युटर कंपनी. तिचं कौतुक मॅनेजमेंटच्या पुस्तकांत असायचं. गोदामात चार-पाच दिवसांपुरताच माल ठेवणारी, ऑर्डर आल्यावर मशीन जोडणारी, खर्चाचा पैसा न पैसा वाचवणारी कंपनी. या कंपनीच्या ऑप्टिप्लेक्स मशीनमध्ये 2003 ते 2005 दरम्यान हाच आजार निघाला. अमेरिकेतल्या एका इंटरनेट कंपनीने, जिच्याकडे अशी सुमारे 2,000 मशीन होती, 2007 साली डेलवर दावा लावला. त्या खटल्यातली कागदपत्रं 2010 मध्ये खुली झाली आणि न्यूयॉर्क टाइम्सने ती छापली.

त्यातून काय बाहेर आलं? मे 2003 ते जुलै 2005 या काळात डेलने धोका असलेली किमान 1 कोटी 18 लाख मशीन पाठवली होती. डेलसाठीच झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज होता की तीन वर्षांत यातल्या 97 टक्क्यांपर्यंत मशीनमध्ये बिघाड येऊ शकतो. विक्री करणाऱ्यांना मात्र सूचना होती की बोर्ड खराब आहेत असं सुचवणारी भाषा टाळा. टेक्सास विद्यापीठाच्या गणित विभागाने तक्रार केली तेव्हा त्यांना सांगितलं गेलं की तुम्ही फार अवघड गणितं करता, म्हणून मशीनवर ताण येतोय. काही ठिकाणी खराब बोर्ड काढून त्याजागी तसलाच दुसरा खराब बोर्ड बसवला गेला. कहर म्हणजे डेलची बाजू मांडणाऱ्या वकिलांच्या ऑफिसातली मशीनसुद्धा यातून सुटली नव्हती.

आपला डीलर व्होल्टेज म्हणाला, तिकडे गणित म्हणाले. प्रत्येक ठिकाणी गिऱ्हाइकाच्याच घरचं कारण त्याला सांगितलं गेलं आणि प्रत्येकाला वाटलं की हे आपल्यापुरतंच आहे. दोष लपून राहिला तो यामुळे. 2005 साली डेलला या मशीनच्या दुरुस्तीसाठी सुमारे 30 कोटी डॉलर खर्ची टाकावे लागले. एका नगामागे वाचवलेल्या सेंटांच्या धंद्यात ही रक्कम किती मोठी आहे याचा हिशोब तुम्हीच करा.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. डेलच्या त्या मशीनमधले कपॅसिटर कुठल्या तैवानी नकलाकाराचे नव्हते. ते निचिकॉनचे होते. निचिकॉन म्हणजे जपानच्या क्योटोतली नावाजलेली कंपनी. ज्यांच्या नावावर आम्ही तपकीर गल्लीत डोळे मिटून पैसे मोजायचो, त्या ‘जपानी’ वर्गातली.

म्हणजे ‘तैवानी वाईट, जपानी चांगला’ हा हिशोबही इथे कोलमडतो. डब्यावर कुठल्या देशाचं नाव आहे यावरून आतलं काहीच ठरत नाही. कोणत्या किमतीला मागितलं, काय तपासायचं ठरलं आणि दोष निघाल्यावर कोण उभं राहिलं, या तीन गोष्टींवर ते ठरतं.

चीनमधल्या कारखान्यांबाबतही हेच बघायला मिळतं. पॉल मिडलर हे अमेरिकन गृहस्थ बरीच वर्षं चीनमध्ये परदेशी खरेदीदारांसाठी मध्यस्थ म्हणून काम करत होते. 2009 साली त्यांनी यावर पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी एक प्रकार वर्णन केलाय, त्याला ते ‘क्वालिटी फेड’ म्हणतात. कारखानदार पहिली ऑर्डर मिळवायला उत्तम नमुना देतो, भावही पडता लावतो. एकदा खरेदीदार त्याच्यावर अवलंबून झाला, की मग प्रत्येक खेपेला थोडं थोडं काढून घेतलं जातं. प्लॅस्टिक जरा पातळ, पॅकिंग जरा हलकं. कुठल्याच एका खेपेत फरक जाणवत नाही. मात्र हे वाचताना खरेदीदार बिचारा आहे असं समजू नका. भाव दरवर्षी खाली आणा असा आग्रह तोच धरतो. कारखानदाराकडे कापायला जागा उरत नाही, तेव्हा तो जिथे दिसणार नाही तिथे कापतो.

यातून देश बाहेर पडतात का? पडतात. दोन प्रसंग सांगतो.

1984 च्या शेवटी चीनच्या छिंगताओ शहरातल्या एका डबघाईला आलेल्या फ्रिज कारखान्यावर झांग रुईमिन नावाचे पस्तिशीतले व्यवस्थापक आले. 1985 मध्ये एका गिऱ्हाइकाची तक्रार आली, म्हणून त्यांनी गोदामातले सुमारे 400 फ्रिज तपासले. 76 खराब निघाले. तेव्हा एका फ्रिजची किंमत म्हणजे कामगाराचा दीड-दोन वर्षांचा पगार. कामगार म्हणाले, आम्हालाच स्वस्तात देऊन टाका. झांग यांनी ज्यांनी ते बनवले होते त्यांनाच घण घेऊन ते फोडायला लावले, पहिला घाव स्वतः घातला. ती कंपनी म्हणजे आजची हायर. तिचा कारखाना आज आपल्या पुण्याजवळ रांजणगावला आहे.

दुसरा प्रसंग कोरियातला. 1995 च्या मार्च महिन्यात सॅमसंगचे अध्यक्ष ली कुन-ही यांनी गुमी इथल्या कारखान्याच्या मैदानात सुमारे दीड लाख फोन आणि इतर उपकरणं रचायला लावली. दोन हजार कामगार समोर उभे केले, उपकरणांवर हातोडे चालवले आणि ढीग पेटवून दिला. किंमत सुमारे 50 अब्ज वॉन.

या गोष्टी प्रेरणादायी भाषणांत नेहमी सांगितल्या जातात आणि त्यात थोडा तमाशाही आहे, हे मान्य. पण त्यातला मुद्दा नीट बघा. दोन्ही ठिकाणी खराब मालाचं नुकसान कंपनीने स्वतःच्या वहीत, त्याच दिवशी, सगळ्यांसमोर लिहून घेतलं. डेलने तेच नुकसान गिऱ्हाइकांच्या वह्यांमध्ये वाटून टाकायचा प्रयत्न केला. स्वस्ताईचा खर्च कुठेही नाहीसा होत नाही. तो कोणाच्या खात्यावर पडतो, एवढंच ठरायचं असतं.

आता आपल्याकडे या.

केंद्र सरकारच्या सांगण्यानुसार 2014 साली देशात मोबाइल बनवणारे दोन कारखाने होते, आज ते 300 च्या वर आहेत. हे छोटं काम नाही. पण बरेच सुटे भाग अजून बाहेरून येतात, म्हणून मार्च 2025 मध्ये केंद्राने सुट्या भागांसाठी 22,919 कोटींची योजना मंजूर केली. त्यात कपॅसिटरसुद्धा आहेत. ही चांगलीच गोष्ट आहे. पण किती कारखाने आले, किती गुंतवणूक आली, किती रोजगार आले एवढेच आकडे आपण टाळ्या वाजवून मोजत राहिलो, तर ‘मेड इन इंडिया’ ही अक्षरं बारीक छापायची वेळ आपल्यावरही येऊ शकते. जपानवर आली होतीच.

आणि खरेदीदार म्हणून आपण कसे आहोत? आपला सगळ्यात मोठा खरेदीदार सरकार आहे. सरकारी टेंडरमध्ये तांत्रिक अटी पूर्ण करणाऱ्यांत सर्वांत कमी भाववाला, म्हणजे ‘एल-वन’, निवडायचा ही रीत. शाळेची कॉम्प्युटर लॅब असो, ग्रामपंचायतीचा यूपीएस असो की रस्त्यावरचे एलईडी दिवे. अटींमध्ये रॅम किती, वॅट किती हे लिहिलेलं असतं. पाच वर्षांनी यातले किती चालू असतील, हे विचारणारा रकाना मी तरी क्वचितच पाहिलाय. एलईडी दिवा जातो तेव्हा पुष्कळदा आतला दिवा शाबूत असतो, त्याच्या ड्रायव्हरमधला तोच आपला कपॅसिटर गेलेला असतो. आणि तरीही दोष कोणाला? व्होल्टेजला.

सक्तीची बीआयएस नोंदणी आपल्याकडे 2012 च्या आदेशाने आली. तिचा भर सुरक्षिततेवर आहे, म्हणजे वस्तूने शॉक देऊ नये, पेट घेऊ नये. ते हवंच. पण वस्तू किती वर्षं टिकावी याची हमी त्यातून मिळत नाही. ती मागायचं काम खरेदीदारालाच करावं लागतं.

त्यामुळे माझी विनंती तीनच गोष्टींची आहे. तुम्ही शाळेच्या व्यवस्थापन समितीवर, ग्रामपंचायतीत किंवा सोसायटीच्या कमिटीवर असाल, तर पुढच्या खरेदीत भावाच्या शेजारी पाच वर्षांच्या वॉरंटीचा भाव मागा. ज्याला आपल्या मालाची खात्री नाही त्याचा आकडा तिथे लगेच फुगलेला दिसेल. दुसरं, वस्तू बिघडली की तारीख, मॉडेल आणि दिलेलं कारण वहीत लिहून ठेवा. डेलचं प्रकरण बाहेर आलं ते कुणाकडे तरी 2,000 मशीनचा लेखी हिशोब होता म्हणून. आणि तिसरं, कुणी "व्होल्टेजचा प्रॉब्लेम" म्हणालं तर शांतपणे विचारा, "शेजारच्याचं त्याच लाइनवर कसं चालतंय?"

तुमच्या गावात, ऑफिसात, शाळेत एकाच खेपेत आलेल्या आणि एकदमच बंद पडलेल्या वस्तू असतील तर कमेंटमध्ये लिहा. कोणतं वर्ष, काय वस्तू, काय कारण सांगितलं गेलं, एवढं पुरे.